अहवाल निर्दोष, तरी नाक बेजार

एरंडोल परिसरात कपाशी वेचणीस येते, घरोघरी दिवाळीची झाडलोट सुरू होते आणि कित्येकांच्या शिंका थांबेनाशा होतात. त्वचेची व रक्ताची ॲलर्जी-चाचणी करावी, तर दोन्हींत काहीच आढळत नाही. मग घरची मंडळी म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत!’ हा निष्कर्ष घाईचा होय.

१९७५ साली हगिन्स व ब्रॉस्टॉफ यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, त्वचाचाचणी नकारार्थी असलेल्या काही रुग्णांच्या नाकातच ॲलर्जीची प्रतिपिंडे तयार होतात. हीच स्थानिक ॲलर्जी. तिची खात्री करण्यासाठी संशयित घटक अल्प मात्रेत थेट नाकात देऊन परिणाम पाहतात. ही चाचणी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावी.

सुज्ञ वाचकहो, त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. ॲलर्जीची गोळी चालू असता त्वचाचाचणी फसवी ठरू शकते. म्हणून चालू औषधे डॉक्टरांना आधीच सांगावीत. शिंका केव्हा, कोठे व कशाने येतात, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. थंड हवा, धूर वा उग्र वास यांनी ॲलर्जीवाचूनही नाक वाहते. हा भेद त्या नोंदीवरून डॉक्टरांना उमगतो.