विषय निवडायचे विद्यार्थ्याने. पण विचारायचे कोणाला?

बारावीचा निकाल लागला, की वाणिज्य महाविद्यालयांच्या कार्यालयांबाहेर विद्यार्थी-पालकांची गर्दी होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत या गर्दीचा प्रश्न एकच असे. प्रवेश मिळणार की नाही? आता गुणवत्ता यादीत नाव लागले, तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. विद्यार्थ्याच्या हाती विषयनिवडीचा अर्ज येतो. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, व्यावसायिक कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली... एवढे रकाने पाहून अठरा वर्षांचा मुलगा गोंधळतो आणि शेजारी उभे असलेले वडील त्याहून अधिक गोंधळतात. शुल्क भरण्याची मुदत काही दिवसांचीच असते. खिडकीमागच्या कारकुनाला पुढची रांग संपवायची असते. मग मित्राने जे भरले, तेच भरले जाते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला विषय निवडण्याचा अधिकार दिला. हा बदल स्वागतार्हच होता. परंतु अधिकार देताना तो कसा वापरायचा हे समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र ठरले नाही. परिणामी ज्याच्या घरी सनदी लेखापाल काका किंवा एमबीए झालेली मोठी बहीण आहे, त्याची निवड विचारपूर्वक होते. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्याची निवड नशिबावर राहते.

ठरीव चौकटीकडून 'बास्केट'कडे

जुन्या बी.कॉम.मध्ये निवडीला फारसा वाव नव्हता. लेखाकर्म, वाणिज्य, व्यावसायिक अर्थशास्त्र, गणित व संख्याशास्त्र यांसारखे विषय ठरलेले असत. तिसऱ्या वर्षी एखाददुसरा वैकल्पिक विषय निवडला, की काम भागे. चौकट बंदिस्त होती, पण तीत चुकण्याची शक्यताही कमी होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा नवा श्रेयांक आराखडा जाहीर केला. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने त्याची महाराष्ट्रातील मांडणी निश्चित केली. त्यानुसार एका सत्रात २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक मिळवावे लागतात. वर्गातील अध्यापनाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, असा साधारण हिशेब. खुला वैकल्पिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घेणे बंधनकारक आहे. म्हणजे वाणिज्यच्या विद्यार्थ्याने कला किंवा विज्ञान शाखेतील काही शिकावे, ही अपेक्षा. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. विषयांच्या गटांना महाविद्यालयांत सरसकट 'बास्केट' म्हटले जाऊ लागले.

टोपली भरलेली दिसते. प्रत्यक्षात तीत हात घालण्याची मुभा मर्यादितच असते. वाणिज्य शाखेच्या अनेक महाविद्यालयांत कला वा विज्ञान विभागच नाहीत. जेथे आहेत, तेथे पुरेसे विद्यार्थी नोंदवले गेले तरच विषय सुरू होतो. सकाळच्या सत्रातील वेळापत्रकात जो विषय बसतो, तोच अखेर 'निवडला' जातो. विद्यार्थीही आवड किंवा पुढील शिक्षण यांपेक्षा परीक्षा सोपी कोणती आणि शेवटची तासिका कोणती टळते, याचा विचार आधी करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा निकष त्यांच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो.

चुकीची किंमत उशिरा कळते

विषयनिवडीतील चूक प्रवेशाच्या दिवशी दिसत नाही, ती दोन-तीन वर्षांनी समोर येते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. पहिले वर्ष 'एटीकेटी'वर सुटले तरी चालते, या समजुतीत वावरलेल्या विद्यार्थ्याला ही अट तिसऱ्या वर्षी कळली, तर तोवर सहापैकी चार-पाच सत्रे हातची गेलेली असतात.

चौथे वर्ष घ्यावे की नाही, हाही असाच प्रश्न. देशातील एमबीएच्या प्रवेशासाठी तीन वर्षांची पदवी पुरते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण सोळा वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा धरतात. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेण्याची वाट आयोगाने खुली केली आहे. ७५ टक्के गुण असल्यास पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. म्हणजे एकाच वर्गातील तीन विद्यार्थ्यांना या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतील. सूचना फलकावरचे एकच परिपत्रक हे काम करू शकत नाही.

सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्यांचा हिशेब आणखी निराळा. पदवीनंतर त्या अभ्यासक्रमात थेट प्रवेश घेताना वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुण पुरतात. बहुतेक अन्य पदवीधरांना ६० टक्के लागतात. मात्र ५५ टक्क्यांच्या सवलतीसाठी लेखाकर्म, लेखापरीक्षण, कायदा, करप्रणाली, अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशा नेमून दिलेल्या विषयांपैकी किमान तीन विषय, प्रत्येकी शंभर गुणांचे, अभ्यासलेले असावे लागतात. जुन्या बी.कॉम.मध्ये ही अट न मागता पुरी होई. लहान लहान विषयांत विभागलेल्या नव्या रचनेत ती पुरी होते की नाही, हे आधीच पाहून घेणे शहाणपणाचे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्याचेही तसेच. तेथील प्रवेश परीक्षांत गणित आणि संख्याशास्त्रावर भर असतो. पहिल्याच वर्षी गणित टाळणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

आर्थिक अडचणीमुळे मध्येच शिक्षण थांबवणाऱ्यांसाठी नव्या रचनेत खरोखर चांगली सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि पुन्हा परतता येते. जुलै २०२१ मध्ये आलेल्या श्रेयांक पेढीच्या नियमांनुसार मिळवलेले श्रेयांक कमाल सात वर्षे जमा राहतात. परंतु पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र हवे असेल, तर ४० श्रेयांकांशिवाय उन्हाळी सुटीत चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम वा कार्यानुभव पूर्ण करावा लागतो. ही अट ठाऊक नसलेला विद्यार्थी नोकरी धरून निघून जातो आणि त्याच्या हाती वर्षभराच्या कष्टांचा कागदही राहत नाही.

बीएमएसचा धडा

माहितीचा अभाव केवढा महाग पडतो, याचा अनुभव २०२४ मध्ये राज्याने घेतला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे राज्यात प्रथमच त्यांच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा द्यावी लागली. २९ मे २०२४ रोजी ती झाली. बारावीच्या गुणांवर बीएमएसला जाता येते, ही वर्षानुवर्षांची समजूत घेऊन बसलेल्या अनेकांपर्यंत परीक्षेची बातमीच वेळेवर पोचली नव्हती. उपलब्ध जागांच्या तुलनेत परीक्षार्थी इतके कमी, की ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. तोवर इतर अभ्यासक्रमांचे वर्ग भरू लागले होते. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून 'बी.कॉम. व्यवस्थापन अभ्यास' अशा धर्तीचे केले आणि परिषदेच्या कक्षेबाहेर राहणे पसंत केले. एकाच इमारतीत जवळपास सारखाच अभ्यासक्रम कोठे परीक्षेने, कोठे गुणांवर मिळतो, हे पालकांना समजावून देणारा माणूस तेव्हाही कोठे नव्हता.

कागदावरचा मार्गदर्शक

महाविद्यालयांत मार्गदर्शन अगदीच नाही, असे कागदोपत्री म्हणता येणार नाही. 'नॅक'च्या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे विद्यार्थी किती, ही विचारणा होत आली आहे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याची वही असते, स्वाक्षऱ्याही असतात. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाने दररोज पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे आणि किमान दोन तास विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनास द्यावेत, अशी अपेक्षा आहे. पण पदवी स्तरावर त्या मार्गदर्शनाचा अर्थ समुदाय विकास, अभ्यासेतर उपक्रम व ग्रंथालय असा लावला गेला आहे. विषयनिवडीचा तेथे उल्लेख नाही.

शिवाय हा नियम पूर्णवेळ शिक्षकाला लागू. राज्यात प्राध्यापकांच्या रिक्त जागांचा प्रश्न जुना आहे आणि वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या भरवशावर चालतात. ज्याला तासाप्रमाणे मानधन मिळते आणि जो एका महाविद्यालयातून दुसरीकडे धावत असतो, त्याने विनामोबदला थांबून विद्यार्थ्याच्या पुढील तीन वर्षांचा आराखडा करून द्यावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

ज्या अमेरिकी पद्धतीवरून श्रेयांक आणि मुख्य-दुय्यम विषयांची कल्पना आली, तेथे विषयनिवडीचा सल्ला देणे हा स्वतंत्र पेशा आहे. अशा सल्लागारांची राष्ट्रीय संघटना १९७९ पासून कार्यरत आहे. अनेक महाविद्यालयांत सल्लागाराला भेटल्याखेरीज विद्यार्थ्याची पुढील सत्राची नोंदणीच खुली होत नाही. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियमित सल्लागार-भेटींवर आधारलेली योजना सुरू केली. तिच्या शास्त्रशुद्ध चाचणीत तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आढळले. योजनेबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांत ते २२ टक्के होते. या योजनेत शुल्क, पुस्तके व प्रवासखर्चाचीही मदत होती, हे खरे. त्यामुळे सारे श्रेय सल्ल्याला देता येणार नाही. पण सल्ला हा तिचा कणा होता, हेही तितकेच खरे. आपण रचना उचलली. तिला तोलणारा माणूस मात्र तेथेच राहिला.

वीस तासांचा प्रश्न

यासाठी फार मोठा खर्च लागेल, असे नाही. बी.कॉम.च्या १२० विद्यार्थ्यांच्या एका तुकडीत प्रत्येकाला दहा मिनिटे द्यायची म्हटली, तर वीस तास होतात. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा साप्ताहिक भार सोळा तासांचा. म्हणजे एका तुकडीसाठी सत्रारंभी लागतो तो एका शिक्षकाचा जेमतेम सव्वा आठवडा. हे वीस तास कार्यभारात अधिकृतपणे धरले आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्यांचे मानधन दिले, तर काम उभे राहू शकते. कोणता विषय कोणत्या वाटा उघडतो आणि कोणत्या बंद करतो, हे सोप्या मराठीत सांगणारे एक पान प्रवेश अर्जासोबत द्यायला विद्यापीठांना अडचण नसावी. पहिल्या वर्षाअखेर निवड तपासून पाहण्याची संधीही प्रत्येकाला मिळायला हवी. दुसऱ्या सत्रानंतर त्याच व्यापक ज्ञानशाखेत मुख्य विषय बदलण्याची मुभा आयोगाच्या आराखड्यात आहे. ती विद्यार्थ्याला कोणी सांगायला तर हवी.

२०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ हे आहे. आपण कोणत्या रकान्यात काय लिहिले होते, याचा अर्थ या विद्यार्थ्यांना तेव्हा पुरता कळेल. त्यांच्यामागून दरवर्षी नवी तुकडी त्याच खिडकीपाशी येऊन उभी राहते. त्या खिडकीआड अर्ज घेणारा हात आहे. अर्जावर काय लिहावे, हे सांगणारे तोंडही तेथे असायला हवे.