उद्याचे नेते म्हणून आम्हाला आज गप्प बसवू नका



मागे आम्हा काही जणांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका शिबिराला बोलावले होते. विषय होता 'युवा नेतृत्व'. टोपी दिली, छापील टी-शर्ट दिला, नाश्ता दिला. दिवसभर भाषणे झाली. सगळ्या भाषणांत एकच गोष्ट होती, तरुण हे उद्याचे नेते आहेत. दुपारून आमच्यातल्या एका पोरीने हात वर केला आणि विचारले, "सर, आमच्या भागातल्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे कुठपर्यंत आले?" उत्तर आले, "बेटा, हा आजच्या कार्यक्रमाचा विषय नाही." मंग फोटो झाला. फोटोत आम्हाला पहिल्या रांगेत बसवले.

संध्याकाळच्या बसमध्ये आम्ही एकमेकांना विचारत होतो, हा 'उद्या' येतो तरी कधी? आमच्या बापालाही हेच सांगितले होते. तो आता साठीला आला. त्याचा उद्या काही आला नाही. म्हणून आम्ही ठरवले की शिबिरात जे बोलू दिले नाही ते या पत्रकात लिहायचे.

पहिली गोष्ट, आम्ही कोण. आम्ही बारावी शिकलेली, काही नापास, काही कॉलेज सोडलेली पोरे. आमच्यातले कोणी जिप्सी चालवतात, कोणी गाईड आहेत, कोणी रिसॉर्टात भांडी घासतात, कोणी मायसोबत मोहफूल वेचतात आणि उन्हाळ्यात फडावर तेंदूचे पुडे मोजतात. मोहर्ली गेटचे नाव आज देशभर माहीत आहे. पहाटे गेटवर गाड्यांची रांग लागते. त्या कामाला आम्ही नावे ठेवत नाही, त्याच पैशावर आमच्या घरी चूल पेटते. पण एक फरक सगळ्यांनी ओळखावा. गेटवरचे काम हे कोणाच्या तरी मर्जीने मिळते. ज्याने दिले तो काढूनही घेऊ शकतो. ग्रामसभेच्या नावाने लिहिलेला हक्क मर्जीने मिळत नाही आणि मर्जीने जातही नाही. आम्हाला नेतृत्व शिकवणारे लोक काम देण्याची गोष्ट करतात, हक्काची गोष्ट निघाली की विषय बदलतात. काहून?

कारण हक्काची गोष्ट निघाली की जंगल कोणाचे हा प्रश्न निघतो. ताडोबा हे नाव कुठून आले? आमच्या लोकांच्या आठवणीत तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला, तलावाच्या काठी त्याचे ठाणे झाले, तिथे पौषात यात्रा भरते. म्हणजे ज्याच्या नावाने हे जंगल ओळखले जाते तो आमचाच माणूस. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१० साली बफर जाहीर झाले. कोअर ६२५ चौरस किलोमीटर, बफर ११०० चौरस किलोमीटर. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली. या प्रत्येक वेळी आमच्या गावांतही तरुण होते. त्यांना कोणी विचारले होते?

आम्ही वाघाचे दुश्मन नाही. वाघ आमच्या देवांत आहे. पण वाघाच्या तोंडी कोण जाते ते बघा. तेंदू तोडायला पहाटे गेलेली बाई जाते, गुराखी जातो, सरपण आणायला गेलेला म्हातारा जातो. उघड्या जिप्सीत बसून वाघ पाहणारा संध्याकाळी घरी पोहोचतो. एकाच जंगलात एकाला वाघ म्हणजे फोटो आणि दुसऱ्याला वाघ म्हणजे मरण, हे न्यायाचे नाही. वाघासोबत राहण्याचा धोका गावाने घ्यायचा तर जंगलाचा कारभारही गावाने करायचा. गेटच्या पैशाचा हिशोबही गावापुढे वाचला गेला पाहिजे. शहरातल्या वाघप्रेमी पोरांनाही आमचे हेच सांगणे आहे. ताडोब्याच्या जवळची लोहाऱ्याची कोळसा खाण २००९ साली थांबली तेव्हा चंद्रपूरच्या तरुणांनी त्यासाठी उपोषण केले होते. ते आम्ही विसरलो नाही. पण जंगल खाणीपासून वाचवायचे आणि जंगलात राहणाऱ्याला मात्र अतिक्रमणदार म्हणायचे, असे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येत नाही.

आता कायद्याची गोष्ट. आमच्या गावांत एक अफवा फिरवली आहे, की आपला भद्रावती तालुका पाचव्या अनुसूचीत नाही, पेसा लागू नाही, म्हणून तुमच्या ग्रामसभेला जंगलावर काही अधिकार नाही. यातले पहिले खरे आहे, शेवटचे साफ खोटे आहे. पेसा १९९६ चा कायदा, तो अनुसूचित क्षेत्रापुरता. वनहक्क कायदा २००६ चा, तो सगळ्या वनभूमीला लागू आहे. अभयारण्यालाही आहे, राष्ट्रीय उद्यानालाही आहे, बफरलाही आहे. कलम ३ मध्ये मोह, तेंदू, बांबू यांची मालकी लिहिली आहे आणि गावाच्या जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क लिहिला आहे. कलम ४ मध्ये लिहिले आहे की दाव्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कोणाला काढता येत नाही. वाघाच्या कोअरमधूनही ग्रामसभेच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय गाव हलवता येत नाही. संमती म्हणजे रात्री घरी येऊन घेतलेला अंगठा नव्हे.

कायदा असूनही काय होऊ शकते तेही बघा. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जंगलातून काढा. देशभर लोक रस्त्यावर आले. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस आठवा. कितीतरी घरांत आपला दावा नामंजूर झाला की पडून आहे हेच माहीत नव्हते. कागद कोणी वाचला नव्हता. वाचता येणारी पोरे घरात होती, पण कागद पेटीत होता आणि पोरे मोबाइलवर होती. ही चूक आमची, तरुणांची. ती आम्ही कबूल करतो.

आमच्यात आणखीही दोष आहेत. निवडणूक आली की कोणाच्याही वाढदिवसाच्या बॅनरवर आमचा फोटो लागतो आणि आम्ही खूश होतो. तेंदूच्या हंगामात ठेकेदाराचा माणूस होऊन आपल्याच मायच्या पुड्यात खोट काढणारेही आमच्यातलेच. अशा पोराला ठेकेदार 'लीडर' म्हणतो. आमच्या भाषेत त्याला दलाल म्हणतात.

मंग खरे नेतृत्व कसे असते? लांब जायला नको. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) बघा. २००९ साली १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाचा हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. गाव अडून राहिले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिले. हे एका भाषणाने झाले नाही. त्या गावात अभ्यासगट आहे, निर्णय सर्वांच्या सहमतीने होतो. वर्षानुवर्षे बसून वाचले, बोलले, मग मागितले. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव बघा. २०१२ साली १००६ हेक्टरवर हक्क मिळाला. आज ते गाव आपला बांबू स्वतः तोडते आणि स्वतः विकते. कोरचीत सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. भामरागड-एटापल्लीकडे ग्रामसभांनी २०१७ साली कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता आपली माणसे जिल्हा परिषदेत पाठवली. त्यात लालसू नोगोटी होते, माडिया समाजातले पहिले वकील. तिथल्या पोरांना तर दोन बंदुकांच्या मधून वाट काढावी लागली, तरी त्यांनी ग्रामसभा सोडली नाही. आम्हाला कोणत्या बंदुकीची भीती आहे? आम्हाला भीती आहे ती गेटवरचे काम जाण्याची. ती भीती खरी आहे, म्हणूनच एकट्याने बोलायचे नाही, ग्रामसभेने बोलायचे.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या भागात गोंड आहेत, माना आहेत, ढिवर आहेत, गोवारी आहेत, बौद्ध आहेत, कुणबी आहेत, तेली आहेत. गडचिरोलीकडे माडिया आहेत, बंगालहून येऊन वसलेले लोक आहेत, तेलुगू बोलणारे आहेत. वनहक्काचे नाव काढले की काही जण मुद्दाम सांगतात, हा कायदा फक्त आदिवासींचा, तुमचे जंगल आता ते घेतील. मग गावात दोन गट पडतात आणि दावा तसाच राहतो. साथींनो, कायदा नीट वाचा. त्याच्या नावातच 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत. वैयक्तिक जमिनीसाठी बिगरआदिवासी माणसाकडून ७५ वर्षांचा रहिवास मागतात, तो पुरावा गरिबाला जड जातो आणि त्या घरांच्या बाजूने आम्हीच उभे राहिले पाहिजे. पण सामूहिक वनहक्क हा साऱ्या गावाचा असतो. मोहाच्या झाडाखाली जात बघून फुले पडत नाहीत. ज्या ढिवराचे पोट तलावावर आहे त्याला बाजूला ठेवून आम्ही जंगल मागितले तर आम्हीही छोटे साहेबच झालो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बाबुराव शेडमाके आठवावे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला आपण हार घालतो. १८५८ साली चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली तेव्हा त्यांचे वय होते २५. म्हणजे आमचेच वय. आणि त्यांच्या फौजेत नुसते गोंड नव्हते, रोहिलेही होते. इंग्रजाशी लढताना त्यांनी कोणाला जात विचारली नाही. त्यांना कोणी 'उद्याचा नेता' म्हणाले असते तर ते थांबले असते का?

सयान्या माणसांनाही दोन शब्द. "पोट्ट्यायले काय समजते" असे म्हणून आम्हाला सभेत मागे बसवू नका. आणि आम्ही पोरेही म्हणतो की तुम्ही अडाणी आहात, तेही चूक. गावाची शीव कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत, कोणता देव कुठे, कोणत्या झुडपात कोणता कंद, हे तुम्हाला माहीत आहे. नकाशा वाचणे, मोबाइलवर शीव मोजणे, अर्ज लिहिणे आम्हाला येते. कायद्याच्या नियमात म्हाताऱ्या माणसाचे लेखी घेतलेले बयाण हा पुरावा धरला आहे. तुम्ही बोला, आम्ही लिहितो. एक म्हातारा जातो तेव्हा गावाचा एक पुरावा जातो, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि बायांची गोष्ट. तेंदू, मोह, सरपण, पाणी, जंगलात सर्वात जास्त कोण जाते? बाई. आणि सभेत दाराजवळ कोण बसते? तीच. नियम सांगतो की वनहक्कावरच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत. नुसत्या सह्या घेऊन ही अट पुरी करू नका. शिबिरात हात वर करणारी पोरगी होती, आम्ही पोरे खाली मान घालून बसलो होतो, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता भाषण पुरे. या हंगामात प्रत्येक गावच्या पोरापोरींनी पाच कामे करावी.

१. वनहक्क समिती आहे का, तिचे सभासद कोण, रजिस्टर कुठे आहे, हे ग्रामसभेत विचारा. नसेल तर नवी निवडा.

२. गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसीलमधून मागा. आपल्या विदर्भात हे जुने कागद मोठा पुरावा आहेत.

३. सयान्या माणसांना घेऊन शीव चाला. नाले, देव, तलाव, मोहाची झाडे नकाशावर मांडा. शेजारच्या गावाला सोबत घ्या, म्हणजे शिवेवरून भांडण होणार नाही.

४. ज्यांचा दावा नामंजूर झाला त्यांना कारण लेखी मिळालेच पाहिजे. निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येते. तारीख कागदावर लिहून ठेवा.

५. दर आठवड्याला एक दिवस अभ्यासगट बसवा. कायदा मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला समजेपर्यंत पुढचे कलम घेऊ नका.

हे काम केल्यावर कोणी आम्हाला नेता म्हटले नाही तरी चालेल. पुन्हा शिबिराला बोलावले तर आम्ही जाऊ, नाश्ताही खाऊ, पण या वेळी रजिस्टर सोबत नेऊ आणि पहिला प्रश्न तोच विचारू. विषय आजचाच आहे.

जल, जंगल, जमीन आमची! ग्रामसभा जिंदाबाद! सेवा जोहार!

(हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या टोल्यावर द्यावे. सभेत मोठ्याने वाचावे.)