'हेल्दी' पाटी बघून टेबल निवडू नका!

"डॉक्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून बाहेरचं सगळं बंद केलं. आता फक्त हेल्दी खातो. तरी साखर वाढली कशी?"

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ समोर बसले होते. एचबीए१सी ७.२ वरून ८.६ वर गेलं होतं. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दर शनिवारी ऑफिस सुटलं की धोबी तलावच्या इराण्याकडे दोन मित्रांबरोबर बन मस्का आणि चहा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. मी 'बाहेरचं बंद' म्हटल्यावर तो सुटला आणि मित्रांची गाठभेटही सुटली. त्याऐवजी लोअर परळच्या एका बिस्ट्रोमध्ये आठवड्यातून चार दिवस जेवण सुरू झालं : स्मूदी बोल, वर ग्रॅनोला आणि मध, सोबत संत्र्याच्या 'कोल्ड प्रेस्ड' रसाचा मोठा ग्लास.

चूक त्यांची नव्हती. अर्धी माझी होती, अर्धी त्या मेनूकार्डाची.

बिस्ट्रो म्हणजे मुळात पॅरिसमधलं छोटं, साधं, परवडणारं खाण्याचं ठिकाण. त्या अर्थाने मुंबईचे खरे बिस्ट्रो इराण्यांचेच. कयानी १९०४ पासून आहे, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ पासून. बन मस्का म्हणजे मैदा आणि लोणी, हे मी नाकारत नाही. पण इराण्याने कधी त्याला औषध म्हणून विकलं नाही. समोर काय आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तुम्ही बेताने खाता. 'हेल्दी' शब्द हा बेतच काढून घेतो.

या शब्दांना भुलू नका

'साखर नाही, फक्त मध आणि खजूर सिरप' : तुमच्या रक्ताला हा फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा रस या सगळ्यांतली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी त्याची मर्यादा आहे ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम.

'कोल्ड प्रेस्ड' : यंत्र कोणतंही असो, चोथा बाहेरच राहतो. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात. सोलून तेवढी एका बैठकीत कोण खातं?

'ग्लुटेन-फ्री' : सिलिअ‍ॅक आजार असेल तर ही गरज आहे. इतरांना मात्र साखरेच्या बाबतीत याचा काही उपयोग नाही. गव्हाऐवजी तांदळाचं पीठ किंवा टॅपिओका स्टार्च आला, तर साखर तितक्याच वेगाने चढते.

'सूप आणि सॅलड' : मीठ विचारा. दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. सूप, सॉस, चीज, ड्रेसिंग यांत मीठ दिसत नाही, पण असतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विसरू नये.

मग माहिती का लिहीत नाहीत?

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर कॅलरी छापणं एफएसएसएआयने २०२२ पासून बंधनकारक केलं आहे. एकुलता एक बिस्ट्रो त्यातून सुटतो. माझं म्हणणं साधं आहे. आकडे छापायचे नसतील तर 'हेल्दी' हा दावाही छापू नका. आणि वाचकहो, तुम्ही वेटरला विचारायला लाजू नका. साडेपाचशे रुपये मोजता, तर त्यात साखर किती हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि आम्ही डॉक्टर?

'बाहेरचं खाऊ नका' हे सांगायला दहा सेकंद लागतात. कुठे जाता, काय मागवता, किती खाता, कोणाबरोबर खाता, हे विचारायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी दिली नाहीत. या शहरात बाहेर खाणं हा फक्त जिभेचा चोचला नाही. अनेकांना माणसं भेटतात ती तेवढ्याच टेबलावर.

माझी स्वतःची आवडती जागा विचाराल तर माटुंग्याचं रामा नायक. केळीच्या पानावर भात, रस्सम, भाजी आणि ताक. तिथेही मी भात एकदाच घेतो आणि रात्री नऊनंतर कुठेच जेवायला जात नाही. जागा कोणतीही असो, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि सोबत काय प्यायलात, या तीन गोष्टी पाटीपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत.

त्या गृहस्थांना मी काय सांगितलं? गोळ्या चालू ठेवा. रस आणि बोल आजपासून बंद. रोजचा डबा घरून न्या. शनिवारी मात्र मित्रांना फोन करा. एक बन मस्का दोघांत, चहा एकच आणि कमी साखरेचा, मग तिघांनी मरीन ड्राइव्हपर्यंत चालत जायचं.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. मित्रांना फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला.