या भाऊबीजेला माहेरवाशिणींना विचारा

शिरड शहापूर आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनो,

आपल्या घरातला कुणी पलटणीत गेला आणि परतलाच नाही, असं आजीच्या तोंडून ऐकलंय का? ‘बसऱ्याला गेला’, ‘चीनच्या लढाईत हरवला’, एवढंच? तर ते आत्ताच वहीत उतरवून घ्या. सांगणारी माणसं भराभर जात आहेत.

कारण हरवलेला सापडूही शकतो. बर्फ उशिरा का होईना, माणूस परत देतो. ७ फेब्रुवारी १९६८ला हवाई दलाचं विमान १०२ जणांसह बेपत्ता झालं. हे युद्धातलं नव्हे. पण २०२४मध्ये, ५६ वर्षांनी, लाहौलच्या बर्फातून त्यातले आणखी चार देह निघाले. काहींची ओळख खिशातल्या कागदांवरून पटली. कागद नसला की डीएनए लागतो, आणि तिथं आपण चुकीचा माणूस पुढं करतो. जुन्या हाडांत बहुधा टिकतो तो आईकडून आलेला डीएनए. तो जवानाच्या पोरात नसतो. सख्ख्या बहिणीत, तिच्या लेकरांत, लेकीच्या लेकरांत असतो. जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलेली आत्याच इथं पहिली वारस! तिचं सासर, तिच्या लेकींची गावं लिहून ठेवा. नमुना मात्र सरकारी मागणी आल्याशिवाय देऊ नका, आणि पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

हिंगोलीला निजामाच्या कंटिन्जंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती. १९०३ला त्या पलटणी हिंदी सैन्यात मिसळल्या. त्यातली ९८वी पलटण १९१४ला पूर्व आफ्रिकेत टांगाला लढली. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या ट्रंकेच्या तळाशी पदक असेलही. ते चिंचेनं घासू नका. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. घासून ती झिजतात. उन्हात तिरपं धरून कडेचा फोटो काढा. तार, पेन्शनचा कागद, पत्रावरचा शिक्का, सगळ्याची झेरॉक्स जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

‘आता काय मिळणार?’ म्हणाल. माणगावकडच्या यशवंत घाडगेंना इटलीत १० जुलै १९४४च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी त्यांची कबर नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. बसऱ्याच्या स्मारकावर तर साध्या हिंदी शिपायांची नावंही नाहीत, पलटणवार आकडे आहेत. उलट हरियाणाच्या दोघा जवानांची हाडं इटलीत १९९६ला सापडली, नोंदी जुळल्या, आणि २०१९ला त्यांच्या कबरीवरची माती गावी आली. नोंद होती म्हणून.

आत्याबाई ऐंशीच्या पुढं असतील तर भाऊबीजेचीही वाट पाहू नका. आज संध्याकाळीच फोन लावा.