बारावीचे सत्तर टक्के जर्मनीत किती?

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: मुलाला सत्तर टक्के पडलेत, जर्मनीत ते किती धरतील? त्याचे उत्तर काढायचे सूत्र आहे, आणि पालकांनी ते स्वतः एकदा कागदावर मांडून बघावे.

जर्मनीत आबिटूर या शालान्त परीक्षेत १.० ही सर्वांत चांगली श्रेणी आणि ४.० म्हणजे काठावर पास. परदेशी गुण या मापात बसवायला तिथली बरीच विद्यापीठे ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून मुलाचे गुण वजा करायचे. कमाल गुण आणि पास होण्यापुरते गुण यांच्यातल्या फरकाने त्याला भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. आपल्या राज्य मंडळात पास व्हायला ३५ लागतात, म्हणून ३० भागिले ६५, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.३८. हेच सत्तर टक्के सीबीएसईच्या मुलाचे असतील तर तिथे ३३ला पास, त्यामुळे उत्तर २.३४. फरक किरकोळ आहे, पण कोणाच्या बाजूने पडला ते बघा. ज्या मंडळाने पास होण्याची अट सैल ठेवली, त्याच्या मुलाला श्रेणी वरची. पेपर अवघड होता की सोपा, तपासणी कडक होती की ढिली, याची सूत्राला गंधवार्ता नाही.

श्रेणी चांगली आली तरी प्रवेश पक्का होत नाही, आणि खरी मेख इथे आहे. आपल्या नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठ सहसा थेट घेत नाही. इथे पदवीचे एखादे वर्ष नीट पार पडलेले हवे, किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण हवे, नाहीतर तिथल्या श्टुडिएनकोलेगमध्ये पूर्वतयारी करून परीक्षा द्यायची. पालकांना हा अपमान वाटतो. मला ही अट रास्त वाटते. हा मुलगा पहिल्या वर्षाचा अभ्यास पेलेल का, हे त्यांना आधी बघायचे असते. टक्क्यांचा हिशेब मागाहून येतो.

आपल्याकडे सगळी भांडणे टक्क्यांवरच झाली. अकरावीच्या प्रवेशासाठी २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ साली एसएससीच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखल्या. दोन्ही निर्णय मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. पुढे २०१९ला दहावीच्या भाषा विषयांतले शाळेच्या हातचे २० गुण काढले, आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अन्य मंडळांच्या मुलांचे अंतर्गत गुण शाबूत होते. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०१९ची मुले आदल्या वर्षीच्या मुलांपेक्षा काही मठ्ठ नव्हती. मोजायची पट्टी बदलली होती आणि तिचा भुर्दंड त्यांनी भरला. याची चीड मला आजही येते.

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रत्येक मंडळाने गुणपत्रिकेवर विषयवार पर्सेंटाइल छापावे: गणितात ७० गुण, आणि त्या वर्षी गणिताला बसलेल्या शंभरातली किती मुले त्याच्या मागे. हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन होते, तेव्हा, म्हणजे २०१३ ते २०१६ या काळात, मंडळांकडून विषयवार नाही तरी एकूण गुणांची अशीच आकडेवारी घेतली जात होती.

पर्सेंटाइलनेही सगळे फिटत नाही, हे मला मान्य आहे. लाखो मुलांच्या राज्य मंडळातला नव्वदावा आणि मोजक्या शाळांतून आलेल्या आयबीच्या मुलांतला नव्वदावा यांना एका पंगतीला बसवता येत नाही. आयबीचे गुण तर मुळात ४५ पैकी. त्यासाठी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका शेजारी ठेवूनच बघावे लागते. २०२३ साली एनसीईआरटीत स्थापन झालेल्या ‘परख’कडे मंडळांच्या मूल्यमापनात सारखेपणा आणण्याचे काम आहे. तिने ही तुलना विषयागणिक करावी आणि मराठीसह सगळ्या भाषांत, पालकाला वाचता येईल अशी छापावी. तोवर परदेशी जाणाऱ्या मुलाने गुणपत्रिकेसोबत बारावीच्या गणित-भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रमही जपून ठेवावा.