पुडीतले पाणी आणि हिशेबातले पाणी



पावसाने ताण दिला की गावोगावी पांढऱ्या दाण्यांची पुडी विकायला येते. ‘एकरी दोन किलो टाका, पिकाची काळजी सोडा.’ आम्ही शेतीची पदवी घेतली ती असल्या वेळी हिशेब मांडता यावा म्हणून. तो मांडू.

पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हा कारखान्यात बनणारा पदार्थ. त्याची रूपे दोन. सुट्या लांब साखळ्यांचे रूप पाण्यात विरघळते. साखळ्या एकमेकींना बांधल्या की ते विरघळत नाही, पाणी पिऊन फुगते. पुडीतला माल बहुधा या दुसऱ्या जातीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा असतो.

शुद्ध पाण्यात असा दाणा वजनाच्या ३५० पट पाणी धरतो असे समजू. दोन किलोत ७०० लिटर. एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर. भर वाढीतले पीक दिवसाला पाच मिलिमीटर, म्हणजे २०,००० लिटर पिते. मग ७०० लिटर किती वेळ पुरणार? शिवाय विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात दाणा फारच कमी फुगतो. परभणीची मीटरभर खोल काळी जमीन तर एकरी सहा लाख लिटर पाणी स्वतःच धरून ठेवते. दाणा पाणी तयार करत नाही, आलेले साठवतो.

म्हणून वस्तू वाईट नाही. रोपवाटिकेत, फळझाडाच्या खड्ड्यात, हलक्या मुरमाड रानात मुळाशी टाकली तर उपयोग होतो. एकरभर काळ्या रानात फेकली तर पैसा मातीत जातो.

विरघळणाऱ्या रूपाचे काम वेगळे. ते मातीचे बारीक कण एकत्र बांधते. साखर कारखान्यात उसाच्या रसातला गाळ त्यानेच खाली बसवतात. अमेरिकेत आयडाहो राज्यात किंबर्ली येथे १९९० च्या दशकात सरीच्या पाण्यात हजार लिटरला दहा ग्रॅम मिसळले, तेव्हा वाहून जाणारी माती नव्वद टक्क्यांहून जास्त अडली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आमच्या उताराच्या सऱ्यांतून जो गढूळ लोंढा जातो, त्यावर हे करून पाहण्याजोगे आहे.

मात्र ज्या अ‍ॅक्रिलामाइडपासून हे बनते ते मज्जातंतूंना विषारी आहे. मालात त्याचा अंश ०.०५ टक्क्यांच्या आत हवा.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. पुडीवर पदार्थाचे नाव, तो विरघळणारा की फुगणारा, आणि विषारी अंश किती, हे मराठीत छापा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आमच्या काळ्या रानात, आमच्याच विहिरीच्या पाण्यावर घेतलेले प्रयोग खर्च-उत्पन्नाच्या आकड्यांसह गावात मांडावेत.

तोवर एक करा. एका पेल्यात पावसाचे पाणी, दुसऱ्यात विहिरीचे. दोन्हींत चिमूटभर दाणे टाका, तासाभराने पाहा. मग दोन तासांत टाकून पाहा, शेजारचे दोन तास कोरे सोडा. सुगीला दोन्हींचे वजन करा आणि तो आकडा पुढच्या बैठकीत घेऊन या. जाहिरातीपेक्षा तो आम्हाला जास्त मोलाचा.