वारं गेलं म्हणू नका, आधी घड्याळ बघा!



गेल्या पौर्णिमेला नवीन पनवेलच्या एका विहारात वंदना आटोपल्यावर महिला मंडळाच्या भगिनी गप्पा मारीत बसल्या होत्या. विषय निघाला तो शेजारच्या इमारतीतल्या एका काकांचा. तळोज्याच्या कारखान्यात सारी हयात घालवून निवृत्त झालेला हा माणूस. एके दिवशी सकाळी सात वाजता चहाचा कप हातातून निसटला, तोंड डावीकडे ओढले गेले, बोलणे बोबडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. घरच्यांनी आधी तेल चोळले. मग कोणीतरी सांगितले, "वारं गेलंय, हे डॉक्टरचं काम नाही." म्हणून गाडी करून त्यांना लकव्याचे औषध देणाऱ्या एका वैदूकडे नेले. त्याने मुळी उगाळून दिली आणि कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी काका इस्पितळात पोहोचले, तेव्हा डॉक्टरांनी एवढेच विचारले, "काल सकाळीच का नाही आणलंत?"

आज काका अंथरुणावर आहेत. काकू त्यांची कूस बदलतात, भरवतात, धुतात-पुसतात. धाकट्या मुलाने वडिलांसाठी कंपनीतली नोकरी सोडली.

हे ऐकून एका भगिनीने विचारले, "ताई, मेंदूतली रक्ताची गुठळी जांघेतून नळी घालून काढतात म्हणे. हे खरं का? मग आमच्या काकांची का नाही काढली?" आजचा लेख या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

होय, हे खरे आहे. पण ते वेळेत पोहोचणाऱ्यालाच मिळते.

मेंदूला रक्त नेणारी नळी अचानक बंद पडली किंवा फुटली की जो झटका येतो त्याला आपण पक्षाघात, लकवा, अर्धांगवायू म्हणतो. यात वाऱ्याचा काही संबंध नाही आणि कोणाच्या करणीचा तर मुळीच नाही. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षाला दर लाख लोकांमागे सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो असे आढळले. त्यांतील सुमारे ८० टक्के झटके रक्तवाहिनी बंद पडल्याने आलेले होते, उरलेले बहुतेक रक्तस्रावाचे. हा आजार शहरातल्या खात्यापित्या लोकांचाच आहे असेही कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांचा अभ्यास 'सर्च' संस्थेने केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हेच निघाले. दर सात मृत्यूंतला एक त्याचा! आणि यातले बहुतेक जण इस्पितळात नव्हे, घरीच गेले.

रक्त बंद पडले की मेंदूच्या पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, "शेवटचे ठीक कधी होते?" रात्री दहाला नीट झोपले आणि सकाळी सहाला तोंड वाकडे दिसले, तर वेळ सहापासून नव्हे, दहापासून धरतात. ही वेळ कागदावर लिहून ठेवा. तुमच्याजवळ असलेली ती सर्वांत मोलाची माहिती आहे.

इस्पितळात गेल्यावर पहिली तपासणी सी.टी. स्कॅनची. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही आणि दोन्हींचे उपचार अगदी उलट आहेत. म्हणून जिथे सी.टी. स्कॅन नाही तिथे थांबून सलाईन लावून घेण्यात वेळ दवडू नये.

गुठळी असेल तर ती विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येते. पण गुठळी मोठ्या वाहिनीत अडकली असेल तर नुसत्या इंजेक्शनने ती पुष्कळदा विरघळत नाही. मग नळीचा उपचार करतात. जांघेतल्या, कधी मनगटातल्या, धमनीत बारीक छिद्र पाडून एक लांब, लवचीक नळी आत सरकवतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत बघत ती छातीतून मानेत आणि मानेतून मेंदूपर्यंत नेतात. तिच्यातून तारेची अगदी बारीक जाळी पुढे जाते. ती गुठळीत उघडते, गुठळी तिच्यात अडकते आणि दोन्ही मिळून बाहेर ओढली जातात. काही वेळा नळीनेच गुठळी शोषून घेतात. गावाकडे विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढताना आपण पाहिलेली आहे, तसेच हे काम. कवटी उघडावी लागत नाही.

हा उपचार २०१५ सालापासून जगभर पक्का झाला. त्या वर्षी नेदरलँड्स व इतर देशांतील पाच अभ्यासांनी त्याचा उपयोग सिद्ध केला. या पाचांचा एकत्र हिशेब २०१६ साली निघाला. नेहमीचेच उपचार झालेल्या शंभरांपैकी सुमारे २६ रुग्ण तीन महिन्यांनी आपले आपण वावरू शकत होते, तर गुठळी काढलेल्यांत हा आकडा ४६ होता. म्हणजे ही जादू नाही, निम्म्याहून अधिक जणांना पुढेही आधार लागलाच. पण शंभरांत वीस माणसे परावलंबी होण्यापासून वाचणे ही लहान गोष्ट नाही. उपचार पहिल्या सहा तासांत व्हावा असा दंडक होता. २०१८ साली आलेल्या अभ्यासांनंतर काही निवडक रुग्णांना खास स्कॅन करून चोवीस तासांपर्यंतही तो देता येऊ लागला. मात्र याचा अर्थ चोवीस तास सवड आहे असा कोणी घेऊ नये. जितका उशीर तितका फायदा कमी.

मग काकांची गुठळी का काढली नाही? तीस तास उलटल्यावर मेंदूचा तो भाग मेलेला होता. मेलेल्या भागात रक्त पुन्हा सोडले तर तिथे रक्तस्राव होण्याचाच धोका असतो.

झटका रक्तस्रावाचा असेल तर वाट वेगळी. कधी मेंदूतल्या धमनीला फुगा आलेला असतो, तो फुटतो. अशा वेळी एकाएकी आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी सुरू होते. पूर्वी यावर एकच इलाज होता. कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. ही शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली प्रथम केली. १९९० नंतर जांघेतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरण्याची पद्धत आली. आज दोन्ही चालतात. कोणती योग्य, हे फुग्याच्या जागेवर व आकारावर ठरते.

आणखी एक शस्त्रक्रिया ऐकून घरचे घाबरतात. मोठ्या झटक्यानंतर मेंदूला सूज येते. कवटी ताणली जात नाही, म्हणून सुजलेला मेंदू आतल्या आत दाबला जातो. तेव्हा डॉक्टर कवटीचा एक मोठा तुकडा काढून ठेवतात आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतात. "डोकं कापतात" म्हणून सही द्यायला नकार देऊ नका. तरुण व मध्यम वयाच्या रुग्णांचे प्राण यामुळे वाचतात. पण प्राण वाचला तरी अपंगत्व राहू शकते, हेही डॉक्टरांकडून आधी स्पष्ट विचारून घ्यावे.

आता झटका येण्याआधीची गोष्ट. काहींना निसर्ग इशारा देतो. दहा-पंधरा मिनिटे हात लुळा पडतो, एका डोळ्यापुढे अंधार येतो, शब्द सुचत नाही आणि मग सारे ठीक होते. "चक्कर आली असेल" म्हणून आपण विसरून जातो. हा इशारा म्हणजे दारावरची थाप आहे, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. अशा वेळी मानेतल्या धमनीची सोनोग्राफी करतात. त्या बाजूची धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद झाली असेल तर ती उघडून आतला चरबीचा थर साफ करतात. अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात १९९१ साली दिसले, की केवळ औषधांवर ठेवलेल्या अशा रुग्णांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्क्यांना. इशाऱ्यानंतर दोन आठवड्यांत ही शस्त्रक्रिया झाली तर फायदा अधिक. काहींना शस्त्रक्रियेऐवजी नळीने जाळी म्हणजे स्टेंट बसवितात.

आपल्या वस्त्यांतून आणखी एक कारण दिसते. लहानपणी सांधे सुजून ताप आला, तो अंगावर काढला आणि हृदयाची झडप खराब झाली. अशा हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूत जाते, म्हणून तिशीतल्या बायकांनाही लकवा होतो. आकुंचित झडप पुष्कळदा फुग्याच्या नळीने उघडता येते. ज्यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये.

खर्चाचे काय, हा प्रश्न आपल्या घरांत पहिला असतो. गुठळी काढण्याच्या उपचाराला खाजगीत काही लाख रुपये लागतात, हे लपविण्यात अर्थ नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०२३ साली सरकारने ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा व मर्यादा पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. कोणता उपचार त्यात बसतो आणि कोणत्या इस्पितळात, हे तेथील आरोग्यमित्राला आजच, घरात सारे धडधाकट असताना, विचारून ठेवा. कारखान्यात विमा कापला जात असेल तर ई.एस.आय.चे कार्डही हाताशी ठेवा. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एम.जी.एम., मुंबईची सायन, के.ई.एम. व जे.जे. ही इस्पितळे आपल्याला ठाऊक आहेत. रात्री दोन वाजता सी.टी. स्कॅन व मेंदूचे डॉक्टर कुठे मिळतात, नळीने गुठळी कुठे काढतात, याची यादी एखाद्या रविवारी मंडळाच्या मुलांनी फिरून तयार करावी आणि विहाराच्या फलकावर लावावी. जयंतीच्या वर्गणीतून यापेक्षा चांगले काम कोणते?

आता घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे असे:

चेहरा : हसायला सांगा. तोंड एकीकडे ओढले जाते का?
हात : दोन्ही हात वर करायला सांगा. एक खाली पडतो का?
बोली : स्वतःचे नाव-गाव सांगायला लावा. अडखळते का?
वेळ : यांतले एकही दिसले की वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा.

रुग्णाला पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन विषासारखी ठरते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या.

नळी आणि शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये हे सर्वांत उत्तम. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब आहे आणि तो मोजायला दोन मिनिटे लागतात. गोळी रोज घ्यायची असते, बरे वाटले म्हणून सोडायची नसते. मीठ, लोणचे, पापड कमी करा. बिडी, तंबाखू, मिसरी सोडा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती पाळली तर रक्तदाबही आटोक्यात राहायला मदत होते. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. ते कोणा मांत्रिकाकडे गेले नाहीत, डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांचे औषधपाणी आणि पथ्य सांभाळले. मग त्यांचे नाव घेणाऱ्या घरात कबुतराचे रक्त कशाला?

शेवटी काकूंविषयी. आजारी पडून स्वतःच्या घाणीत लोळणाऱ्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या साथीने स्वतः धुतले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले, ही कथा आपण ऐकतो आणि घरी जातो. त्या पौर्णिमेला मात्र मंडळाच्या भगिनींनी एक चांगले ठरविले. आठवड्यातून तीन दिवस दुपारी दोघी-दोघींनी काकांजवळ बसायचे, तेवढा वेळ काकूंनी झोपायचे. हात-पायांचा व्यायाम करून घ्यायला त्या फिजिओथेरपिस्टकडून शिकूनही घेणार आहेत. परवा गेले तेव्हा काकांनी डाव्या हाताने माझा जयभीम घेतला. उजवा हात अजून उचलत नाही.

आपल्या घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर हा लेख कापून घड्याळाशेजारी चिकटवा.

जयभीम!